कॉमिक्स कागदावर की टॅबवर? जोडपानापाशी अडलेला निर्णय

दहा-अकरा इंची बऱ्यापैकी टॅबची किंमत आणि मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, चाळीस-पन्नास खंडांची किंमत सध्या साधारण एकाच आकड्यापाशी येते, वीस-पंचवीस हजारांच्या आसपास. त्यामुळे ‘दोन्ही घ्या’ हा सल्ला ऐकायला छान असला तरी पहिल्या वर्षी त्याचा उपयोग नाही. आधी काहीतरी एक घ्यावं लागतं. नाशिकमध्ये हा प्रश्न जास्तच टोचतो. एम. जी. रोड आणि कॉलेज रोडच्या दुकानांत मांगाची एखादी मांडणी दिसते, पण सलग पंधरा खंड एका जागी मिळणं अवघड, आणि अमेरिकन कॉमिक्सचा बराचसा भाग मागवूनच घ्यावा लागतो.

प्रोसेसर, रॅम आणि कंपन्यांची चर्चा इथे नाही, ती दुकानदार विचारायच्या आत सुरू करतो. कॉमिक्स वाचताना रोज हाताला आणि डोळ्याला काय लागतं, तेवढंच बघू. माझा कल कुठे आहे ते मधेच कळेल. पटला नाही तरी आकडे उपयोगी पडतील.

आधी आकार, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण ६.६ इंच रुंद आणि १०.२५ इंच उंच असतं. १०.१ इंची लांबट पडद्यावर ते ५.३ बाय ८.३ इंचांत बसतं, म्हणजे छापील पानाच्या ऐंशी टक्के. ११ इंची, जरा चौकोनी पडद्यावर अठ्ठ्याऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. १३ इंचीवर जवळजवळ मूळ आकार मिळतो, पण ते धूड आडवं पडून हातात धरवत नाही आणि त्या पैशांत एक कपाट भरतं. ऐंशी टक्क्यांवर संवादांच्या फुग्यांमधली अक्षरं तरुण डोळ्यांना चालून जातात. चाळिशी लागली असेल तर मथळ्याच्या पट्टीतला बारीक मजकूर आणि पात्र कुजबुजतंय हे दाखवणारी लहान अक्षरं वाचायला दोन बोटं पडद्यावर जाणारच.

मांगाचं गणित वेगळं. इंग्रजी मांगाचा खंड पाच बाय साडेसात इंचांचा असतो. त्याचं पान १०.१ इंची टॅबवर छापील पानापेक्षा किंचित मोठंच दिसतं. ज्याला फक्त मांगा वाचायचाय त्याने आकाराची चिंता सोडून द्यावी. फक्त फाइल कमी रेझोल्यूशनची नको. मांगातली करडी छटा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. पान लहान करून दाखवताना त्या ठिपक्यांचा आणि पडद्याच्या बिंदूंचा मेळ बसला नाही, की कपड्यांवर आणि आकाशात नसलेल्या लहरी उमटतात. पानाची उंची दोन हजार पिक्सेलच्या वर असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

आता ज्या एका गोष्टीवर माझा काटा झुकला, ती. दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेलं एकच चित्र, त्याला इथे जोडपान म्हणतो. चित्रकार अंकभर चौकटी लहान ठेवत आणतो ते याच पानासाठी. शहर कोसळतं, सैन्य समोर येतं, पात्र पहिल्यांदा पूर्ण उंचीत दिसतं, ते सगळं इथे.

अमेरिकन जोडपान छापील अंकात सव्वातेरा इंच रुंद असतं. १०.१ इंची टॅब आडवा धरला तर त्याला साडेआठ इंच मिळतात, म्हणजे पासष्ट टक्के. ११ इंचीवर अडुसष्टच्या आसपास, १३ इंचीवर अठ्ठ्याहत्तर. ऑटो-रोटेट बंद असेल आणि टॅब उभाच राहिला, तर तेच चित्र चाळीस टक्क्यांवर येतं आणि वर-खाली काळी पट्टी. जे पान सगळ्यांत मोठं दिसायला हवं तेच सगळ्यांत लहान दिसतं. मला हे कधीच पचलं नाही.

मग आपण दोन बोटांनी मोठं करतो. एकदा मोठं केलं की बोट आडवं ओढल्यावर पान उलटत नाही, चित्र सरकतं. चित्राची कड आली आणि बोट अजून सरकतच राहिलं, की पान उलटतं आणि पुढच्या पानावरचं गुपित डोळ्यांसमोर येतं. घाईने मागे यावं तर चित्र पुन्हा लहान झालेलं. बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘मोठं केलेलं असताना पान उलटू नये’ किंवा ‘फक्त टॅपने पान उलटावं’ अशी सोय असते. टॅब घेतलाच तर पहिल्या दिवशी ती चालू करा. त्रास निम्मा होतो, संपत नाही.

काही डिजिटल आवृत्त्यांत जोडपान एकच रुंद चित्र म्हणून दिलेलं असतं. ते बरं. पुष्कळ ठिकाणी मात्र ते मधोमध कापून दोन वेगळी पानं केलेली असतात आणि ती जोडायला ‘दोन पानं शेजारी’ ही मांडणी निवडावी लागते. इथे सम-विषमाची भानगड येते. छापील अंकात पहिलं पान उजवीकडे आणि दोन-तीन समोरासमोर, हे ठरलेलं. डिजिटल फाइलमध्ये आधी मुखपृष्ठ येतं, कधी त्यामागे श्रेयनामावलीचं पान, कधी पर्यायी मुखपृष्ठं. त्यांची संख्या सम की विषम यावर पुढच्या सगळ्या जोड्या ठरतात. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘मुखपृष्ठ एकटं दाखवा’ असा पर्याय असतो. तो चालू करून जोड्या चुकत असतील तर बंद करायचा, बंद असताना चुकत असतील तर चालू.

एवढ्यावर भागलं असतं तर बोललो नसतो. छापील मासिक अंकात मधेमधे जाहिराती असतात आणि जोडपान समोरासमोर पडावं म्हणून त्या हिशोबाने बसवलेल्या असतात. डिजिटल आवृत्तीत जाहिराती काढल्या की एका पानाची जाहिरात जिथे होती तिथून पुढे सम-विषम उलटं होतं. पहिली दहा पानं जोड्या बरोबर, अकराव्यापासून प्रत्येक जोडपानाचा डावा तुकडा आधीच्या पानाला चिकटलेला आणि उजवा पुढच्याला. सहा अंकांचा संग्रह असेल तर दर अंकाचं मुखपृष्ठ आत येतं आणि तिथे पुन्हा गडबड. ‘एका पानाने सरकवा’ हे बटण चांगल्या अ‍ॅपमध्ये मिळतं, पण ऐन प्रसंगात थांबून मेन्यू उघडायचा म्हणजे रसभंगच.

फाइल कुलपाविना, म्हणजे नक्कल किंवा बदल रोखणाऱ्या बंदोबस्ताशिवाय असेल तर कायमचा इलाज आहे. सीबीझेड म्हणजे चित्रांची झिप फाइल, आणखी काही नाही. ती उघडायची, जिथे जोडी बिघडते तिथे क्रमात बसेल असं नाव देऊन एक कोरी पांढरी प्रतिमा टाकायची आणि परत झिप करून शेवटची अक्षरं सीबीझेड करायची. पानांची नावं ००१, ००२ अशी तीन आकडी ठेवा. नुसते १, २, ३ लिहिले तर काही अ‍ॅप एकनंतर दहा दाखवतात आणि कथा तिथेच भरकटते. दुकानातून घेतलेल्या कुलपाच्या फाइलला मात्र यातलं काहीच करता येत नाही.

मांगा वाचताना आणखी एक पायरी आधी: दिशा उजवीकडून डावीकडे करा आणि मगच जोड्या तपासा. दिशा चुकली असेल तर जोडी बरोबर लागूनही तुकड्यांची अदलाबदल होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे.

आता कागदाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. जोडपानाचा खरा शत्रू कागदावरही आहे: बांधणी. मधोमध पिना मारलेला पातळ अंक पूर्ण उघडतो, चित्र सलग दिसतं. पाच-सहा अंकांचं गोंदाने चिकटवलेलं पेपरबॅकही चालतं, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास चित्र आत जातं. पण हजार पानांचा, नुसत्या गोंदावर उभा असलेला जाड खंड घेतलात तर पात्राचं नाकच त्या घळीत जातं. जोर लावून उघडलं तर कणा तडकतो आणि वर्षभरात पानांचा गठ्ठा हातात येतो.

घेण्यापूर्वी खंड उभा धरून वरून कण्याकडे बघा. पानं छोट्या छोट्या घडीच्या जुड्यांत, म्हणजे फर्म्यांत, दिसत असतील आणि जुडीच्या मधोमध दोरा दिसत असेल तर तो शिवलेला आहे, टेबलावर सपाट उघडेल. सगळी पानं सुटी कापून एका रेषेत गोंदात बसवलेली दिसली तर ती परफेक्ट बाइंडिंग, तिथे जाडी बघून निर्णय. दीडशे-दोनशे पानांपर्यंत हरकत नाही. मागवून घेणाऱ्याला हे आधी बघता येत नाही, ही खरी अडचण. अशा वेळी ऑम्निबसच्या, म्हणजे पुष्कळ अंक एकत्र केलेल्या जाड खंडाच्या, मोहात न पडता त्याच मजकुराचे पातळ खंड घ्यावेत असं माझं मत. थोडे महाग पडतात. शिवाय दोन-तीन किलोचं पुस्तक छातीवर ठेवून कुणी वाचत नाही, ते कपाटातच शोभतं.

जोडपान सोडलं तरी आणखी एक फरक आहे, तो बोलून दाखवला जात नाही. कागदावर आपल्याला एकाच वेळी दोन पानं दिसतात. अनुभवी चित्रकार धक्का पान उलटल्यानंतरच्या पहिल्या पानावर ठेवतो आणि त्याआधीच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न सोडतो. इंग्रजीत धक्का डाव्या पानावर, मांगात उजव्या. टॅबवर प्रत्येक पान हे उलटलेलंच पान असतं, त्यामुळे सगळ्या पानांचं वजन सारखं होतं. एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या सोयीत तर पानाची रचनाच हरवते. फोनवर ती सोय तारते, टॅबवर मी ती बंदच ठेवायला सांगेन.

उलट बाजूने, जे लिखाण फोनसाठीच काढलेलं आहे, खाली सरकत जाणारी कोरियन पद्धतीची वेबटून, ते कागदावर घेऊ नये. तिथे दोन चौकटींमधली रिकामी लांबी हाच काळ असतो. छापताना ती कापून पानात कोंबली की वेळेचं भानच जातं. वेबटूनला फोन, वाद नको.

ई-इंकबद्दल, म्हणजे किंडलसारख्या कागदासम दिसणाऱ्या पडद्याबद्दल, थोडक्यात. सात इंची काळ्या-पांढऱ्या वाचकावर मांगाचं पान छापील पानाच्या पाऊण आकाराचं दिसतं, डोळ्यांना त्रास नाही आणि बॅटरी कितीतरी दिवस जाते. रंगीत कॉमिक्ससाठी विसरून जा. जोडपान तिथेही आडवं करूनच बघावं लागतं.

रंगांचं म्हणाल तर निकाल मिश्र आहे. गेल्या वीसेक वर्षांतली कॉमिक्स संगणकावरच रंगवलेली आहेत. ती चांगल्या पडद्यावर कागदापेक्षा उजळ आणि खोल दिसतात, हे मान्य करायलाच हवं. त्यासाठी रात्रीचा पिवळा फिल्टर आणि ‘व्हिव्हिड’ रंग दोन्ही बंद ठेवा. जुनी कॉमिक्स मात्र वर्तमानपत्री कागद शाई पिणार हे धरून भडक रंगवलेली होती. तीच चकचकीत आर्ट पेपरवर पुन्हा छापली की अंगावर येतात, आणि पडद्यावर त्याहून जास्त. अशांसाठी प्रकाश तीस-चाळीस टक्क्यांवर आणा आणि इथे पिवळा फिल्टर चालू करा, बरंच मूळ रूपाच्या जवळ जातं. आर्ट पेपरची दुसरी कटकट म्हणजे ट्यूबलाइट. डोक्यावरचा दिवा पानात चमकतो. दिवा खांद्यामागून बाजूने घेतला की प्रश्न मिटतो.

नाशकात कागद घ्यायचा तर पावसाळ्याची तयारी आधी. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते, पुस्तकं खूश असतात. जून ते सप्टेंबर सगळं बदलतं, आणि गाव सोडून त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहत असाल तर विचारूच नका. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रण. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटातच ठेवा. खोलीतला आकडा आणि बंद कपाटातला आकडा वेगळे असतात.

कपाट पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन बोटं जागा सोडा. माळ्यावर तर कधीच नाही: वर स्लॅबची ओल, खाली कसर. पुस्तकं उभी, फार दाटून नाही आणि फार सैलही नाही. सैल ठेवली की तिरकी होतात आणि कणा पिळतो. सिलिका जेलच्या पुड्या नारिंगी दाण्यांच्या घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये एकशेदहा ते एकशेवीस अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत. पिशव्या घ्यायच्या तर पॉलिप्रॉपिलीनच्या, कडक आणि कुरकुरीत. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर काही वर्षांत शाईला चिकटतं आणि काढताना मुखपृष्ठ सोबत घेऊन येतं.

पाणी लागलंच तर कागद कोणता हे आधी बघा. वर्तमानपत्री कागद भिजला की लाटा येतात, पण पानं सुटी राहतात. आर्ट पेपर भिजून तसाच वाळला तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात, वीटच होते. म्हणून तो ओला असतानाच पान-पान सोडवून मधे टिश्यू घालायचे. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका, सवडीने काढून एकेक पान वाळवा. गोदाकाठच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की खालचा कप्पा रिकामा करायचा.

जुन्या अंकांना पिनांचा रोग असतो. १९६४ ते १९९० या काळातले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी वेताळाच्या अंकाची मधली घडी उघडून बघावी. लोखंडी पिनेभोवती तांबूस डाग दिसतो. गंज कागद खात जातो आणि मधलं पान पिनेपाशी सुटतं. पिन ओढायची नाही. आतून तिचे पाय पातळ सुरीने सरळ करायचे, बाहेरून हळूच काढायची आणि अंक पिशवीत सपाट ठेवायचा. अशा अंकांचं उत्तर खरं तर दोन्हीकडे आहे: एकदा फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयने स्कॅन करून ठेवा, रोज वाचायला ती प्रत आणि मूळ अंक विश्रांतीला. पान सपाट करायला झाकणावर जोर देऊ नका, कणा आधी जातो.

टॅबला यातलं काही करावं लागत नाही. मिसळ खाताना तर्रीचा थेंब उडाला तरी फडक्याने पुसला की झालं. पण त्याची म्हातारपणं वेगळी असतात. चार-पाच वर्षांत बॅटरी दमते, मग एके दिवशी अ‍ॅप सांगतं की या जुन्या अँड्रॉइडवर आता चालणार नाही. आणि मालकीचा प्रश्न आहेच. कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल कॉमिक्सचं सगळ्यांत मोठं दुकान अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये घेतलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं स्वतंत्र अ‍ॅप किंडलमध्ये विलीन झालं. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची खरेदी संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. वाचायला मिळतं, पण आपल्या ताब्यात येत नाही. ज्याला हे खटकतं त्याने हंबल बंडलसारख्या ठिकाणी कुलपाविना मिळणाऱ्या फाइली घ्याव्यात. त्या ठेवायच्या कुठे हेही आपल्यालाच बघावं लागतं. एक अंक तीस ते साठ एमबीचा धरला तर मेमरी कार्ड पुरतं, पण दुसरी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर हवीच.

प्रवासात मात्र टॅबला तोड नाही. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्याला ते वेगळं समजवायला लागत नाही. अर्ध्या किलोच्या वजनात अख्खी मालिका, आणि गर्दीत पानं दुमडण्याची भीती नाही. फक्त आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळं डाउनलोड करून ठेवा आणि ते खरंच उतरलंय का हे फ्लाइट मोड लावून तपासा. काही अ‍ॅप मुखपृष्ठ दाखवून भुलवतात, पानं आलेलीच नसतात. इगतपुरी सुटली की कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागतात, नेटवर्क जातं, आणि कथा ऐन मारामारीत गोल फिरणाऱ्या चकतीवर अडकते.

टॅबच्या बाजूने सगळ्यांत जड मुद्दा इंटरनेटचा आहे. ज्याला चालू मालिकांबरोबर राहायचंय त्याला कागद परवडत नाही, वेळेच्या दृष्टीने. जपानी साप्ताहिकातले मोठे मांगा शुएशा या जपानी प्रकाशकाच्या मांगा प्लस अ‍ॅपवर जपानच्या सोमवारच्या पहिल्या मिनिटाला इंग्रजीत येतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला, आणि नवा भाग फुकट वाचता येतो. तोच भाग इंग्रजी खंडात यायला पुष्कळ महिने जातात. मार्व्हल अनलिमिटेड या मार्व्हलच्या सदस्यत्वाच्या सेवेवरही अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतो, तर पेपरबॅक संग्रहाला त्याहून जास्त थांबावं लागतं.

तोवर कोण मेलं, कोण परत आलं, हे इन्स्टाग्राम सांगून मोकळं होतं. मांगाची फुटलेली पानं तर रविवारच्या दोन-तीन दिवस आधीच फिरू लागतात. कागदावर थांबणाऱ्याने मालिकेचं नाव, मुख्य पात्रांची नावं इंग्रजी-देवनागरी दोन्हींत, आणि मालिकेच्या नावापुढे भागाचा क्रमांक लावलेले हॅशटॅग म्यूट यादीत टाकावेत. शिफारशीच्या रीळमध्ये एखादं पान दिसलंच तर ‘रस नाही’ दाबा. पूर्ण बघून टाकलंत तर त्यानंतर तशीच दहा येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मात्र इलाज नाही. तिथे फोटो आपोआप उतरणं बंद करा, गुपित फुटायला निदान एक टॅप तरी लागेल.

तर ठरवायचं कसं? तुम्हाला मांगा, तोही चालू मालिका वाचायच्या असतील तर टॅब घ्या, माझ्या आवडीनिवडीकडे लक्ष देऊ नका. सिनेमा बघून एखाद्या पात्राच्या मागे लागला असाल आणि पन्नास-साठ वर्षांचा ढीग चाळून आपल्याला काय आवडतं ते शोधायचं असेल, तरीही टॅब आणि दोन-तीन महिन्यांचं सदस्यत्व स्वस्त पडेल. पण पूर्ण झालेल्या, परत परत वाचाव्यात अशा मोजक्या मालिका हव्या असतील, आणि चित्रासाठी वाचत असाल, तर पातळ पेपरबॅक किंवा शिवलेले खंड घ्या. दर महिन्याला एक-दोन. नोटा छापणाऱ्या गावाने कागदाची बाजू घ्यावी यात नवल नाही, पण कारण ते नाही. जोडपान उघडल्यावर हात थांबतो आणि डोळा फिरतो, हे मला अजून कुठल्याही पडद्यावर नीटसं मिळालेलं नाही. कुणाला मिळत असेलही.

टॅबकडे झुकत असाल तर दुकानात जाण्याआधी एक जोडपान असलेली आणि एक साधी अशी दोन पानं मेलवर स्वतःला पाठवा. दुकानातल्या नमुन्याच्या टॅबवर ती उघडा, आडवा-उभा करून बघा, आणि बोट न लावता फुगे वाचता येतात का एवढंच तपासा. दुकानाचा प्रकाश घरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे पडद्याची चमक निम्म्यावर आणून बघा. साधं पान वाचता आलं आणि जोडपानाचा विशेष त्रास वाटला नाही तर पुढे काही विचारायची गरज नाही.

कागदाकडे झुकत असाल आणि घरात पिना मारलेले सुटे अंक साठले असतील, तर ते बाइंडरकडे नेऊन एकत्र बांधून घेता येतात. सपाट उघडतील असे खंड तयार होतात. दुर्मीळ अंक यात घालू नयेत, बांधल्यावर त्यांची संग्राहकांतली किंमत जाते. बाकीच्यांसाठी सांगायचं ते असं: पिना काढून प्रत्येक अंक एक फर्मा धरून घडीतूनच दोऱ्याने शिवा, बाजूने टाके घालायचे नाहीत. बाजूच्या टाक्यात जोडपान पुन्हा आत जातं. तिन्ही बाजूंचं कटिंग नको, हे दोनदा सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. कॉमिक्समधली चित्रं पानाच्या कडेपर्यंत जातात आणि दोन-तीन मिलिमीटर कापले तरी कडेचा फुगा अर्धा होतो. मुखपृष्ठं आत ठेवायची की काढायची ते आधी ठरवा, आणि ठेवत असाल तर प्रत्येक अंकाचं त्याच्या त्याच्या जागी. खळ वापरणार असतील तर त्यात मोरचूद घालायला सांगा, नाहीतर कसरीला घरपोच जेवण मिळतं. पांढरा सिंथेटिक गोंद वापरत असतील तर त्याचीही गरज नाही. कामाला गणपतीच्या आधी टाकू नका. पावसाळी हवेत कणा वाळायला वेळ लागतो आणि घाईने पुठ्ठा लावला की तो वाकतो. दिवाळीनंतर द्या.